बेसिनमध्ये गेलं त्याचं काय?

रसायनशास्त्राच्या पदवीला अ‍ॅस्पिरिन तयार करण्याचं एक प्रॅक्टिकल असतं. दोन ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल, पाच मिलिलिटर अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड, वर सल्फ्युरिक आम्लाचे चार-पाच थेंब. चंबू पंधरा मिनिटं गरम पाण्यात धरायचा. अ‍ॅनहायड्राइडच्या आंबूस वाफेनं डोळे चुरचुरतात, ते पुसत पुसतच सगळं बर्फाच्या पाण्यात ओतायचं. पांढरे स्फटिक तळाशी बसतात. ते बुकनर फनेलवर गाळायचे, वाळवायचे, वजन करायचं आणि जर्नलमध्ये यील्ड, म्हणजे जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या मालापैकी किती टक्के हाताला लागला ते, लिहायचं. माझं ऐंशी टक्के आलं होतं. शेजारच्या टेबलावरच्याचं अठ्ठ्याऐंशी, त्यामुळे दिवसभर मी खट्टू होतो.

फनेलखाली जमलेलं पाणी दोघांनीही बेसिनमध्ये ओतलं. तो हिशेब मी मांडला कितीतरी वर्षांनी. दोन ग्रॅम सॅलिसिलिक आम्लाला खरं तर दीड ग्रॅम अ‍ॅनहायड्राइड पुरतं. आम्ही घेतलं होतं पाच ग्रॅमच्या वर, कारण तेच बाकीचं विरघळवण्याचं, म्हणजे द्रावकाचंही काम करतं आणि जास्त असलं की अभिक्रिया पुढे ढकलली जाते. हाताला लागलं जेमतेम २.१ ग्रॅम अ‍ॅस्पिरिन. पाण्याचा विचार सोडला तरी पाच ग्रॅमहून जास्त माल बेसिनमध्ये गेला. आणि सगळं बिनचूक जमलं असतं, वजनं अगदी मोजून घेतली असती, तरीसुद्धा प्रत्येक २४० भाग कच्च्या मालातून १८० भाग अ‍ॅस्पिरिन आणि ६० भाग अ‍ॅसेटिक आम्ल निघतं. म्हणजे शंभर टक्के यील्ड मिळवणाऱ्या हुशार विद्यार्थ्याचेही पाव हिश्शाचे अणू दुसरीकडेच जातात. जर्नलमध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

शाश्वतता या विषयावर बोलायचं तर मला त्या नसलेल्या रकान्यापासून सुरुवात करावीशी वाटते. हा शब्द आता वापरून वापरून गुळगुळीत झालाय. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७ च्या ब्रुंटलंड अहवालातली व्याख्या बहुतेकांना तोंडपाठ असते: आजच्या गरजा अशा भागवायच्या की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येणं अशक्य होऊ नये. व्याख्या चांगली आहे. पण कारखान्यात रिअ‍ॅक्टरपाशी उभ्या असलेल्या माणसानं सोमवारी सकाळी नेमकं काय वेगळं करायचं, ते तिच्यातून कळत नाही. मग चर्चा घसरते ती कचऱ्याच्या डब्याकडे. पिशवी घरून न्या, स्ट्रॉ नको म्हणा, डबे वेगळे ठेवा. यात वाईट काहीच नाही, पण बरंचसं वरातीमागून घोडं आहे. वस्तू आपल्या हातात पडते तेव्हा तिची कुंडली मांडून झालेली असते: कच्चा माल कुठला, द्रावक कोणता, किती पायऱ्यांत बनली, वापरून झाल्यावर विरघळून जाईल की शंभर वर्षं तशीच पडून राहील. हे सगळं ठरतं रेणू आखला जातो त्या टेबलावर. म्हणून रसायनशास्त्राचं काम घाण साफ करण्याचं नाही, ती होऊच न देण्याचं आहे, असं माझं म्हणणं आहे. त्याला जोडून दुसरं म्हणणं असं, की टेबलावरचा माणूस आपणहून तसं वागेल या भरवशावर राहू नये. त्याला तसं वागायला लावणारा कायदा हवा.

पहिली गोष्ट रसायनशास्त्रज्ञांना फार उशिरा सुचली. १९९१ मध्ये बॅरी ट्रॉस्ट यांनी विचारलं, की घातलेल्या अणूंपैकी किती अणू शेवटच्या पदार्थात उतरतात तेही का मोजू नये? पुढच्याच वर्षी रॉजर शेल्डन यांनी त्याहून रोखठोक मोजमाप पुढे आणलं: एक किलो मालामागे किती किलो टाकाऊ? त्यांनी मांडलेला तक्ता पाहून सगळ्यांच्याच समजुतीला धक्का बसला. तेलशुद्धीकरण कारखाना, ज्याच्या धुराड्याचा फोटो प्रदूषणाच्या प्रत्येक बातमीला लागतो, तिथे हा आकडा ०.१ च्याही खाली. मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या साध्या रसायनांत एक ते पाच. आणि पांढरे कोट, चकचकीत फरशा असलेल्या औषधनिर्मितीत पंचवीस ते शंभर, कधी त्याहूनही जास्त. औषध बनवणारे निष्काळजी असतात असा याचा अर्थ नाही. औषधाचा रेणू आठ-दहा पायऱ्या चढून तयार होतो, प्रत्येक पायरीवर तो धुवायचा, गाळायचा, शुद्ध करायचा, आणि दर वेळी बादल्या भरभरून द्रावक लागतं. एकूण घाण तेलात जास्त होते, कारण तेलाचा पसाराच प्रचंड. पण किलोमागे पाहिलं तर चित्र उलटं होतं, आणि हे उलटं चित्र कुणी मोजेपर्यंत कुणालाच दिसलं नव्हतं.

१९९८ मध्ये पॉल अ‍ॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं मांडली. बाराच्या बारा इथे सांगत बसत नाही. पहिलं तत्त्व एवढंच, की टाकाऊ तयार झाल्यावर निस्तरण्यापेक्षा तो होऊच देऊ नये, आणि उरलेल्यांपैकी बरीचशी त्याचाच विस्तार आहेत.

हे नुसतं पुस्तकी नाही, याचा हमखास दिला जाणारा दाखला म्हणजे आयब्युप्रोफेन. तीच ती डोकेदुखीची, अंगदुखीची गोळी. जुनी पद्धत सहा पायऱ्यांची होती आणि घातलेल्या अणूंपैकी फक्त ४० टक्के गोळीत उतरायचे. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड उत्प्रेरकाच्या नावाखाली चिमूटभर घालून भागत नसे, ते ढिगानं लागायचं आणि शेवटी ओल्या क्षारांचा ढीग होऊन बाहेर पडायचं. नव्वदच्या दशकात आलेल्या नव्या पद्धतीनं तीच गोळी तीन पायऱ्यांत आणली. तिन्ही पायऱ्या खऱ्याखुऱ्या उत्प्रेरकांच्या, म्हणजे वापरून परत मिळणाऱ्या. अणूंचा वापर ७७ टक्क्यांवर गेला. बाजूला निघणारं अ‍ॅसेटिक आम्ल परत वापरलं तर जवळजवळ ९९. गोळी तीच, तिच्यातला रेणू तोच. गोळी घेणाऱ्याला यातलं काहीही कळलं नाही, आणि त्याच्याकडून कुठल्या त्यागाची अपेक्षाही नव्हती. मला ही गोष्ट आवडते ती एवढ्याचसाठी.

फक्त ती सांगताना एक तपशील बहुधा गाळला जातो. नव्या पद्धतीत उत्प्रेरक आणि द्रावक म्हणून हायड्रोजन फ्लोराइड वापरतात. ते जवळजवळ पूर्ण परत मिळवतात हे खरं. पण ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत पोचतं. टाकाऊ कमी झाला, आणि धोका एका बंद टाकीत गोळा झाला. ‘हरित’ हा शिक्का एका आकड्यावर मारता येत नाही, ते इथे दिसतं.

आता कायद्याकडे येतो. त्यासाठी दीडशे-दोनशे वर्षं मागे जावं लागेल. साबण, काच, कापड या तिन्ही धंद्यांना धुण्याचा सोडा लागायचा. १७९१ मध्ये निकोला लब्लां यांनी मिठापासून सोडा बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. मिठावर सल्फ्युरिक आम्ल टाकायचं, मग जे उरतं ते चुनखडी आणि कोळशाबरोबर भाजायचं. समीकरण मांडलं तर दर १०६ किलो सोड्यामागे ७३ किलो हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. इंग्लंडातल्या कारखानदारांनी तो सरळ धुराड्यातून सोडला. आजूबाजूची झाडं वठली, पिकं करपली, कोर्टकचेऱ्या झाल्या. त्यावर उपाय काय, तर धुराडी आणखी उंच बांधली! म्हणजे तोच वायू आणखी लांबच्या शेतावर. उरलेला कॅल्शियम सल्फाइडचा काळा राडा कारखान्यांमागे डोंगरासारखा साठत गेला आणि पावसात सडक्या अंड्यांचा वास सोडत राहिला.

गंमत अशी की उपाय हाताशी होता. विल्यम गॉसेज यांनी १८३६ मध्येच मनोरा बांधून दाखवला होता: वरून पाणी सोडायचं, खालून वायू, वायू पाण्यात विरघळतो. पण आम्लाचं पाणी करायचं काय? वायू फुकट सोडता येत असताना मनोऱ्याचा खर्च कोण करील? सत्तावीस वर्षं बहुतेकांनी तो केला नाही. १८६३ मध्ये अल्कली कायदा आला: ९५ टक्के वायू पकडलाच पाहिजे. तपासणीला रॉबर्ट अँगस स्मिथ हे रसायनशास्त्रज्ञ नेमले गेले. मनोरे झपाट्यानं उभे राहिले. सुरुवातीला काहींनी आम्लाचं पाणी ओढ्यात सोडलं, म्हणजे हवेतलं संकट पाण्यात गेलं. पण आता कारखान्यात आम्ल साठत होतं, त्याचं काहीतरी करणं भाग होतं. काही वर्षांतच वेल्डन आणि डीकन यांच्या पद्धती आल्या: आम्लापासून क्लोरीन, क्लोरीनपासून कापड पांढरं करणारी विरंजक (ब्लीचिंग) पावडर. जे धुराड्यातून जात होतं त्याची पोती भरून विकली जाऊ लागली. पुढे सॉल्वे यांची नवी, स्वच्छ आणि स्वस्त पद्धत आल्यावर जुने कारखाने आणखी काही दशकं तग धरू शकले ते बऱ्याच अंशी याच विरंजक पावडरीच्या जोरावर.

‘हरित रसायनशास्त्र शेवटी फायद्याचंच असतं, बाजार आपोआप तिकडे वळेल’ असं म्हणणाऱ्यांना ही गोष्ट मुद्दाम सांगावी. आयब्युप्रोफेनच्या बाबतीत त्यांचं म्हणणं खरं आहे. सोड्याच्या बाबतीत नाही. तिथे फायदा होता, पण कायद्यानं फुकटची वाट बंद करेपर्यंत कुणी तो शोधायलाच गेलं नाही. जिथे फायदा समोर दिसतो तिथे उपदेशाची गरज नसते. जिथे घाण शेजाऱ्याच्या खात्यावर टाकता येते, तिथे उपदेशाचा उपयोग नसतो.

मात्र कायदाही आंधळेपणानं केला तर आगीतून फुफाट्यात नेतो. शीतपेटीच्या वायूंची कहाणी पाहा. सुरुवातीच्या यंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले विषारी वायू असत आणि गळती झाली की माणसं मरत. १९२८ मध्ये थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लोरोकार्बन, म्हणजे सीएफसी, पुढे आणले. विषारी नाहीत, पेट घेत नाहीत, कशाशीही अभिक्रिया करत नाहीत. १९३० मध्ये मिजली यांनी रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत हा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. ही नाटकबाजी नव्हती. त्या काळच्या कसोट्यांवर हा रेणू खरोखरच निर्दोष होता. (याच गृहस्थांनी त्याआधी पेट्रोलमध्ये शिसं घातलं होतं. ते जगभरातल्या पंपांवरून पूर्ण हटायला २०२१ उजाडलं.)

दोष होता तो गुणातच. कशाशीही अभिक्रिया न करणारा रेणू खाली नष्ट होत नाही, तो तरंगत तरंगत वर स्थितांबरात पोचतो. तिथे अतिनील किरण त्याला फोडतात आणि सुटा झालेला क्लोरीन ओझोन खात सुटतो. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी हे कागदावर मांडलं, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र मोजलं गेलं, आणि १९८७ मध्ये सीएफसींना आवर घालणारा माँट्रियल करार झाला. या करारानं काम केलं यात शंका नाही. अंटार्क्टिकावरचा थर २०६० च्या दशकात पूर्वीसारखा होईल असा अंदाज आहे. पण सीएफसींची जागा शेवटी ज्या हायड्रोफ्लोरोकार्बन, म्हणजे एचएफसी, वायूंनी घेतली त्यांच्यात क्लोरीन नव्हता म्हणून ओझोन सुखरूप राहिला, आणि तापमानवाढीची बाजू पाहायची राहून गेली. त्यांच्यातला सर्वात खपाचा वायू किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता अडवतो. त्यावर २०१६ मध्ये माँट्रियल करारात किगालीची दुरुस्ती झाली: एचएफसीही कमी करायचे. आता नवे वायू आलेत. ते हवेत काही दिवसांतच मोडतात, म्हणजे धडा घेतला म्हणायचा. पण त्यातल्या सर्वात लोकप्रिय वायूचं मोडून जे होतं ते ट्रायफ्लुरोअ‍ॅसेटिक आम्ल. ते पावसाबरोबर खाली येतं आणि पाण्यात तसंच राहतं. ते नष्ट करणारी कुठलीही सोय निसर्गात म्हणावी अशी नाही. कार्बन-फ्लोरीन बंध भलता चिवट. न चिकटणाऱ्या तव्यापासून आग विझवणाऱ्या फेसापर्यंत जी ‘कायमची रसायनं’ आज पाण्यात सापडतात, त्यांच्या मुळाशी हाच बंध आहे.

चार पिढ्यांचे वायू, आणि दर वेळी विचारलेला प्रश्न फक्त मागच्या चुकीपुरता. विषारी आहे का? नाही. ओझोन खातो का? नाही. तापवतो का? फारसा नाही. वापरून झाल्यावर याचं काय होतं, हा साधा, सर्वांत आधी विचारायचा प्रश्न शेवटी आला. बारा तत्त्वांतलं दहावं नेमकं तेच सांगतं: काम संपलं की रेणू निरुपद्रवी तुकड्यांत मोडला पाहिजे, आणि ते आखणीतच बसवलं पाहिजे.

म्हणून कायद्यात खरा वाद कुठल्या रसायनावर बंदी घालावी हा नाही. पुराव्याचा बोजा कुणावर, हा आहे. अमेरिकेनं १९७६ मध्ये विषारी पदार्थांचा कायदा केला तेव्हा बाजारात आधीपासून असलेली सुमारे ६२ हजार रसायनं तपासणीविना तशीच चालू राहिली. एखादं धोकादायक आहे हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर, आणि त्यासाठी लागणारी माहिती मात्र उत्पादकाच्या कपाटात. तो कायदा बदलायला २०१६ उजाडलं. युरोपानं २००७ मध्ये हे गणित उलटं केलं: माहिती नाही तर बाजार नाही. आपला पदार्थ कसा वापरला तर सुरक्षित आहे, ते दाखवायचं ज्याला विकायचाय त्यानं. ही पद्धत संथ आहे, कागदपत्रांनी गच्च भरलेली आहे, छोट्या उत्पादकांना ती जड जाते हेही खरं. तरी मी तिच्याच बाजूचा आहे. कारण उत्पादकाला माहिती आधी गोळा करावी लागली की प्रश्न आपोआप आखणीच्या टेबलावर जातो. बाजारात माल आल्यावर बंदी घातली तर तो वकिलाच्या टेबलावर जातो.

टेबलावर किती फरक पडू शकतो, ते भोपाळनं दाखवलं. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री जो मिथाइल आयसोसायनेट सुटला तो विकायचा माल नव्हता. कीटकनाशक बनवताना मधल्या पायरीवर लागणारा तो पदार्थ, आणि एका टाकीत तो चाळीस टनांच्या आसपास साठवलेला. तेच कीटकनाशक, तोच कच्चा माल घेऊन, पायऱ्यांचा क्रम बदलूनही बनवता येतं, आणि त्या क्रमात मिथाइल आयसोसायनेट तयारच होत नाही. फॉस्जीन हा विषारी वायू दोन्हीकडे लागतो, त्यामुळे दुसरी वाट काही फुलांची नव्हे. पण जे नाहीच ते गळू शकत नाही, हे सूत्र कारखान्यांच्या सुरक्षेचे तज्ज्ञ ट्रेव्हर क्लेट्झ यांनी १९७८ मध्येच मांडलं होतं. शीतकरण बंद होतं, वायू शोषणारा मनोरा निकामी होता, हे सगळं चौकशीत आलं आणि यायलाच हवं होतं. पण त्याआधीचा प्रश्न, ही टाकी मुळात होतीच कशाला, हा अपघाताचा नाही, आखणीचा आहे.

एवढं बोलून रसायनशास्त्राला सर्वशक्तिमान ठरवायचं नाही. सिमेंट घ्या. चुनखडी भाजली की १०० किलोमागे ५६ किलो चुना आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड मिळतो. भट्टी सूर्यावर चालवा नाहीतर वाऱ्यावर, हे ४४ किलो निघणारच, कारण ते इंधनातून येत नाहीत, दगडातून येतात. चुनखडीचा वाटा कमी करून भाजलेली माती किंवा भट्टीची मळी मिसळणं, निघालेला वायू पकडून ठेवणं, नाहीतर कमी बांधणं, एवढेच मार्ग उरतात. अमोनियाचंही तसंच. हवेतल्या नायट्रोजनची हायड्रोजनशी अभिक्रिया घडवून तो बनवणारा पहिला कारखाना १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला सुरू झाला, त्या अमोनियापासून नत्रखतं बनतात, आणि आज जगातल्या साधारण निम्म्या माणसांचं अन्न त्या अभिक्रियेवर उभं आहे. तिला जगाच्या एकूण ऊर्जेपैकी एक ते दोन टक्के लागते, हायड्रोजन बहुतांशी नैसर्गिक वायूतून येतो, आणि शेतात टाकलेल्या नत्राचा मोठा भाग पिकाला न मिळता पाण्यात किंवा हवेत जातो. तिला नको म्हणायची सोय नाही. हायड्रोजन पाण्यापासून मिळवता येईल. पण वाया जाणारं खत कुठला उत्प्रेरक वाचवणार? आणि पद्धत सुधारून वस्तू स्वस्त झाली की आपण ती जास्तच वापरतो, यावर प्रयोगशाळेत औषध नाही.

‘नैसर्गिक’ आणि ‘केमिकल-फ्री’ या लेबलांबद्दल एकच सांगतो. मक्यापासून बनलेलं पॉलिलॅक्टिक आम्लाचं प्लास्टिक विघटनशील म्हणून विकलं जातं. ते विघटित होतं, पण साठ अंशांच्या आसपास तापलेल्या औद्योगिक खतभट्टीत. समुद्रात ते वर्षानुवर्षं प्लास्टिकच असतं. कशापासून बनलं आणि कसं संपतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लेबल त्यातल्या सोयीच्या एकाचंच उत्तर देतं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते मात्र शिक्षण. मी पदवीच्या तीन वर्षांत शेकडो अभिक्रिया पाठ केल्या. बनवलेला रेणू यकृतात गेला तर काय होईल, मातीत पडला तर कोणता जिवाणू त्याला खाईल, याचा एक तासही झाला नाही. इमारत आखणाऱ्याला भूकंप शिकवायचा नाही, तसं हे. नवा रेणू आखणारा माणूस त्याच्या विषारीपणाबद्दल अडाणी राहतो, आणि तपासणी कुणा दुसऱ्या खात्याकडे, पाच-सात वर्षांनी, पैसा ओतून झाल्यावर होते. तेव्हा ‘नको’ म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

शिकवणाऱ्या मित्रांशी यावर बोललो की ते म्हणतात, अभ्यासक्रम आधीच फुगलाय, वेळ कुठून आणायचा? मी म्हणतो, निदान जर्नलमध्ये एक रकाना वाढवा: बेसिनमध्ये काय गेलं आणि किती. वजनकाटा तिथेच असतो. अ‍ॅनहायड्राइड पाचऐवजी दोन मिलिलिटर घेऊन पाहायला सांगा, यील्ड किती घसरतं तेही लिहू दे. एकानं पुढच्या सत्रात हे करून पाहतो म्हटलंय. त्याची शंका एवढीच, की परीक्षक या रकान्याला गुण कशाच्या आधारावर देणार.